कोलू पाटील कोहळी आणि नवेगावबांध : वैनगंगेच्या खोऱ्यातील तलाव-रचनेचा अभ्यास

१. प्रश्नाचे स्वरूप

भंडारा जिल्ह्यास तलावांचा जिल्हा म्हणण्याचा प्रघात जुना आहे. १८७० साली चार्ल्स ग्रँट यांनी संपादिलेल्या मध्यप्रांताच्या गॅझेटियरपासून रसेल यांच्या १९०८ च्या जिल्हा गॅझेटियरपर्यंत बहुतेक सर्व सरकारी वर्णनांत या तलावांचा गौरवपूर्वक उल्लेख येतो. परंतु हे तलाव कोणी बांधले, कोणत्या हेतूने बांधले, आणि त्यांवर हक्क कोणाचा, या तीन प्रश्नांचा एकत्रित विचार क्वचितच झालेला आढळतो. पहिला प्रश्न लोककथेच्या, दुसरा शेतीशास्त्राच्या आणि तिसरा जमीनमहसुलाच्या अभ्यासकाकडे सोपविला गेला. परिणामी तलाव हा निसर्गाचा एक सुंदर भाग आहे अशी समजूत रूढ झाली, आणि त्यामागील योजक बुद्धी दृष्टिआड झाली.

प्रस्तुत निबंधात 'भंडारा जिल्हा' ही संज्ञा १ मे १९९९ पूर्वीच्या अविभक्त जिल्ह्यासाठी योजिली आहे. त्या दिवशी गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला, आणि ज्या नवेगावबांधाचा येथे विशेष विचार कर्तव्य आहे तो त्या नव्या जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, समाविष्ट झाला. ऐतिहासिक दृष्ट्या मात्र वैनगंगेच्या पूर्वेकडील हा सर्व प्रदेश एकच तलाव-क्षेत्र आहे. दक्षिणेस चांद्याच्या उत्तर भागापर्यंत त्याचा विस्तार पोहोचतो.

भूमीची निवड, पाण्याची दिशा, वस्तीची जागा आणि लागवडीचे क्षेत्र यांचा एकसमयावच्छेदेकरून विचार करणारा व्यवसाय पाश्चात्य देशांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उदयास आला. न्यूयॉर्क येथील मध्यवर्ती उद्यानाचा आराखडा १८५८ साली करणाऱ्या फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांच्या नावाशी भूदृश्यरचनेच्या या व्यवसायाचा उगम जोडला जातो. हिंदुस्थानात हा विचार आणला तो प्रामुख्याने पॅट्रिक गेडिस यांनी. ते १९१४ साली या देशात आले आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र या विषयाचे प्राध्यापक झाले. आरोग्याच्या सबबीवर गावातील जुने तलाव बुजविण्याच्या तत्कालीन नगरपालिकांच्या धोरणास त्यांनी विरोध केला. तलाव बुजविण्यापेक्षा तो स्वच्छ राखणे हेच खरे नियोजन होय, असा त्यांचा आग्रह होता. मात्र त्याच देशात, गेडिस यांच्या आगमनापूर्वी सुमारे दोनशे वर्षे, एका पाटलाने डोंगर, पाणी, शेत आणि गाव यांचा मेळ घालून एक संपूर्ण भूदृश्य उभे केले होते. त्या पाटलाचे नाव कोलू पाटील कोहळी असे परंपरा सांगते. त्याच्या कार्याचे स्वरूप निश्चित करणे, आणि पुढील काळातील कायद्याने त्या कार्याचा कोणता अर्थ लावला हे पाहणे, हा या निबंधाचा उद्देश आहे.

२. भूमी आणि पाऊस

तलावांचे कारण समजून घ्यावयाचे तर प्रथम भूमीचे स्वरूप पाहिले पाहिजे. वैनगंगेच्या पूर्वेकडील प्रदेश मुख्यतः प्राचीन स्फटिकमय खडकांचा आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणाचे थर या भागात जवळजवळ संपुष्टात येतात. कठीण खडकात पाणी फारसे मुरत नाही, त्यामुळे विहिरींवर मोठी शेती पोसणे येथे अवघड जाते. उलट पक्षी जमिनीवरून वाहणारे पाणी अडविण्यास हा प्रदेश अतिशय अनुकूल आहे. मधून मधून उठलेल्या टेकड्यांच्या रांगा, त्यांच्यामधील अरुंद खिंडी आणि त्यापुढील मंद उताराचे विस्तीर्ण खलाटीचे रान अशी येथील रचना आहे.

पाऊस वर्षाकाठी साधारणपणे १३०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. आकडा लहान नाही, परंतु धानाच्या पिकाला एकूण पावसापेक्षा त्याच्या वेळेचे महत्त्व अधिक असते. मृग-आर्द्रात पऱ्हे टाकले जातात, पुनर्वसू-पुष्यात रोवणी होते आणि भारी जातीचे धान हस्त व चित्रा नक्षत्रांच्या सुमारास निसवते. निसवणीच्या या काळात बांधीत पाणी नसेल तर लोंबी पोकळ राहते, आणि तोपर्यंतचा चार महिन्यांचा पाऊस निष्फळ ठरतो. म्हणजे या प्रदेशातील दुष्काळ हा बहुधा वर्षाचा नसून पंधरा दिवसांचा असतो. १८९६ साली पाऊस वेळेपूर्वी थांबला आणि १८९९ साली तो मुळातच अपुरा पडला. त्या दोन्ही वर्षांनंतर मध्यप्रांतात जे भीषण दुष्काळ पडले त्यांनी धानाच्या मुलखाची ही दुर्बलता सर्वांच्या निदर्शनास आणून दिली.

कोहळ्यांच्या तलावाचे प्रयोजन या पंधरा दिवसांत सापडते. बारमाही कालव्याप्रमाणे वर्षभर पाणी पुरविणे हा त्याचा हेतू नव्हता. आषाढ-श्रावणातील अतिरिक्त पाणी धरून ठेवावे आणि आश्विनात एक-दोन पाळ्या देऊन पीक तारावे, हे त्याचे मुख्य कार्य होते. उरलेल्या पाण्यावर ऊस घ्यावा, गुरांची तहान भागवावी, मासे पोसावेत आणि गावाच्या विहिरींना ओल पुरवावी, ही त्याची आनुषंगिक कार्ये होत. तलावाची खोली, पसारा आणि पाटांची लांबी ही सर्व या हेतूस अनुसरून ठरलेली दिसतात. बारमाही सिंचनाच्या मापाने हे तलाव मोजणाऱ्या उत्तरकालीन अधिकाऱ्यांना ते उणे वाटले, याचे कारण मापातच होते.

३. कोहळ्यांचे आगमन आणि राजाश्रय

कोहळी ही संख्येने लहान जात आहे. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या मध्यप्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात १९११ च्या शिरगणतीनुसार तिची संख्या सुमारे २६,००० इतकी दिली आहे. मोठे जलाशय बांधणारी जात म्हणून त्या ग्रंथात तिचा खास निर्देश आहे, आणि ऊस हे तिचे आवडते पीक असल्याचेही नमूद आहे. तिच्या मूळ स्थानाविषयी दोन परंपरा प्रचलित आहेत. एका परंपरेनुसार चांद्याच्या एका गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना कोहळ्यांना आपल्याबरोबर आणिले. भंडाऱ्याकडील कोहळी आपली पहिली वस्ती बालाघाटातील लांजी येथे झाली असे सांगतात. उत्तरेतील कोइरी या बागाईतदार जातीशी नामसाम्य असल्यामुळे पहिल्या परंपरेस काही आधार मिळतो. तथापि नामसाम्य हा स्वतंत्र पुरावा मानता येत नाही. दोन्ही परंपरांतील समान अंश एवढाच की, कोहळी हे बाहेरून आलेले कुशल कृषक होत आणि गोंड राजसत्तेच्या छायेखाली ते या प्रदेशात स्थिरावले.

गोंड राजांचे या बाबतीतील धोरण विशेष लक्षणीय आहे. जंगल तोडून जमीन लागवडीस आणणाऱ्यास किंवा तलाव बांधणाऱ्यास त्या तलावाखाली भिजणारी जमीन सवलतीने अथवा बिनधाऱ्याने देण्याची प्रथा चांद्याच्या राज्यात होती, असे एकोणिसाव्या शतकातील जमाबंदी अधिकाऱ्यांनी नोंदविले आहे. या प्रथेचे श्रेय परंपरेने हीरशहा या राजाला दिले जाते. चांद्याकडे अशा देणगीच्या जमिनी 'तुकूम' या नावाने ओळखल्या जात. देवगडच्या गोंड राज्यातही सतराव्या शतकाच्या अखेरीस बख्तबुलंद याने बाहेरील शेतकरी व कारागीर आपल्या राज्यात वसविले. राज्याच्या खजिन्यातून तलाव बांधण्याऐवजी, बांधणाऱ्याला त्याच्या फळाचा वाटेकरी करावे, हे या धोरणाचे सूत्र होते.

जागतिक इतिहासलेखनाच्या दृष्टीनेही ही गोष्ट महत्त्वाची ठरते. १९५७ साली कार्ल विटफोगेल यांनी असे प्रतिपादन केले की, मोठ्या प्रमाणावरील जलसिंचनासाठी केंद्रीभूत नोकरशाही आवश्यक असते आणि त्यातूनच पौर्वात्य एकतंत्री सत्तेचा उदय झाला. वैनगंगेच्या खोऱ्यातील उदाहरण या सिद्धांतास जुळत नाही. येथे हजारो तलाव उभे राहिले, परंतु त्यांच्यामागे ना राजधानीतील पाटबंधारे-खाते होते, ना वेठबिगारीचे राष्ट्रव्यापी यंत्र. राजाने सनद द्यावी, पाटलाने जागा हेरावी आणि गावाने माती वाहावी, अशी ही विकेंद्रित व्यवस्था होती. १९६१ मध्ये एडमंड लीच यांनी सिंहलद्वीपातील एका तलावाधारित गावाचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातूनही लहान तलावांची व्यवस्था गावपातळीवर चालू शकते हेच दिसून आले. भंडाऱ्याचे तलाव या चर्चेत आणले गेले असते तर तिला एक बळकट पुरावा लाभला असता.

४. नवेगावबांधाची रचना

नवेगावबांध अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने बांधला, असे परंपरेने आणि तिच्या आधारे गॅझेटियरने नमूद केले आहे. कोलू पाटलाचे चरित्र कागदपत्रांवर उभे नाही. बांध, लोकस्मृती आणि देवस्थान ही तीन त्या चरित्राची साधने होत. बांधावरून त्याच्या बुद्धीची, स्मृतीवरून त्याच्या प्रतिष्ठेची आणि देवस्थानावरून त्याच्या कार्याला समाजाने दिलेल्या अर्थाची कल्पना येते.

नवेगावचा जलाशय टेकड्यांच्या वेढ्यात आहे. येथे नदीचे पात्र आडवे अडविलेले नाही. टेकड्यांच्या मधल्या मोकळ्या जागा मातीच्या बांधांनी जोडून संपूर्ण द्रोणाकार प्रदेशच पाणी धरील अशी योजना केलेली आहे. मानवी श्रमाने बांधलेला भाग थोडा आणि निसर्गाने पुरविलेली भिंत मोठी, असे हे प्रमाण आहे. अशी जागा हेरण्यासाठी कोणत्या ओहोळाचे पाणी कोठे जाते, कोणती खिंड सर्वांत खालची आहे आणि पाणी चढल्यास कोणत्या बाजूने निसटेल, याचे ज्ञान आवश्यक असते. समपातळी मोजण्याची आधुनिक उपकरणे नसताना हे ज्ञान पावसाळ्यात प्रत्यक्ष रानात हिंडून, पाण्याच्या खुणा पाहूनच मिळविता येते. जलाशयाच्या मध्यभागी माळडोंगरी नावाचे बेट राहिले आहे. पाण्याने वेढलेली ही टेकडी म्हणजे मूळ भूप्रदेशाची साक्षच होय.

या जलाशयाचे क्षेत्रफळ ११ चौरस किलोमीटर, सरासरी खोली ८० फूट आणि साठा १०३ कोटी २० लक्ष घनफूट असे आकडे सरकारी वर्णनांत पुनःपुन्हा येतात. हे तिन्ही आकडे एकाच वेळी खरे असणे शक्य नाही, हे साध्या गणिताने दिसून येते. ११ चौरस किलोमीटर म्हणजे सुमारे ११ कोटी ८० लक्ष चौरस फूट. उपर्युक्त साठ्याला या क्षेत्राने भागिले असता सरासरी खोली जेमतेम नऊ फूट येते. तेव्हा ८० फूट हा आकडा फार तर सर्वांत खोल जागेचा असू शकेल, सरासरीचा नव्हे. ही दुरुस्ती किरकोळ वाटली तरी तिचे तात्पर्य महत्त्वाचे आहे. हा जलाशय पसरट आणि उथळ आहे. उथळपणामुळे बाष्पीभवन अधिक होते हे खरे. परंतु त्यामुळेच बांधावरील पाण्याचा दाब मर्यादित राहतो, मातीचा बांध टिकाऊ होतो, आणि पाणी ओसरू लागले की कडेची सुपीक गाळाची जमीन क्रमाक्रमाने उघडी पडून गाळपेरीस मिळते. उथळ पाण्यातच जलवनस्पती, मासे आणि हिवाळी पाहुण्या पक्ष्यांना खाद्य मिळते. अठराव्या शतकात शेतीसाठी बांधलेले हे पाणी विसाव्या शतकात पक्षितीर्थ म्हणून प्रसिद्धीस आले. मारुती चितमपल्ली यांच्या लेखनाने ते मराठी वाचकांच्या परिचयाचे केले. १९७५ साली या परिसरास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला.

लोकपरंपरेने कोलू पाटलास 'कोलासूर देव' या रूपाने देवत्व दिले आहे. त्याचे स्थान जलाशयाभोवतीच्या एका शिखरावर आहे. सभोवतालच्या सात टेकड्यांना 'सात बहिणी' म्हणतात, आणि बांध घालण्याच्या कामी या बहिणींनी कोलूला साहाय्य केले अशी कथा आहे. या कथेकडे केवळ अद्भुताची आवड म्हणून पाहणे योग्य होणार नाही. टेकड्यांनी बांधास साहाय्य केले, हे स्थापत्याच्या भाषेतही अक्षरशः सत्य आहे. निसर्गाने दिलेली भिंत आणि माणसाने घातलेली भिंत यांच्या सहकार्यावर हा जलाशय उभा आहे, ही गोष्ट परंपरेने नात्याच्या भाषेत जतन केली. एका मृत पाटलास देव करून त्याला जलाशयावर नजर ठेवण्यास शिखरावर बसविणे यातही व्यावहारिक शहाणपण आहे. बांध फोडणे, तलावात अतिक्रमण करणे, पाणी चोरणे ही कृत्ये त्यामुळे केवळ अपराध न राहता देवद्रोह ठरतात.

मात्र परंपरेची एक मर्यादाही स्पष्टपणे नोंदविली पाहिजे. तिने एकच नाव जतन केले. ज्यांनी माती खणली आणि डोक्यावरून वाहिली त्या स्त्रीपुरुषांची नावे तिने ठेवली नाहीत. एवढ्या प्रमाणावरचे मातीकाम एका कुटुंबाच्या किंवा एका जातीच्या बळावर होणे संभवत नाही. कोलू पाटील हा योजक होता. तलाव मात्र बहुतांच्या श्रमातून निर्माण झाला. पुढील काळातील हक्कांच्या चर्चेत हा भेद निर्णायक ठरतो.

५. पाण्याची वाटणी आणि गावाची मांडणी

एकटा नवेगावबांध पाहिल्याने कोहळ्यांच्या रचनेचे पूर्ण आकलन होत नाही. सिरेगावबांध, शिवनीबांध ही ग्रामनामेच सांगतात की, येथे गाव आणि बांध या दोन वेगळ्या वस्तू मानल्या जात नव्हत्या. मोठ्या तलावांच्या जोडीला शेकडो लहान तलाव आणि त्याहून लहान अशा 'बोड्या' आढळतात. पुष्कळ ठिकाणी ते साखळीने जोडलेले असतात. वरच्या तलावातून सांडलेले पाणी खालच्या तलावात उतरते. त्यामुळे एकाचा ओसंडा हा दुसऱ्याचा येवा होतो, आणि बांध फुटण्याचा धोकाही वाटला जातो.

तलावाची अंगे मोजकीच होती. मातीची पाळ, पाणी सोडण्याचे 'तुडूम', अतिरिक्त पाणी निघून जाण्याचा 'सलंग' आणि शेतापर्यंत पाणी नेणारे पाट, ही त्यांतील प्रमुख होत. तुडूम केव्हा उघडावे, कोणाच्या बांधीत पाणी आधी जावे आणि कोणाच्या नंतर, हे ठरविण्यासाठी गावाने नेमलेला माणूस असे. धानाच्या बांध्या एकाखाली एक अशा उतरत्या असल्याने पाणी एका बांधीतून दुसरीत धुऱ्याच्या मोरीने जाते. म्हणजे वरच्या शेतकऱ्याने पाणी अडविले की खालच्याचे पीक जाते. अशा रचनेत वाटणीचा नियम हा केवळ सौजन्याचा विषय राहत नाही. त्यावाचून तलाव निरुपयोगी होतो.

गावाची मांडणीही पाण्यास अनुसरूनच होई. उंचवट्यावर वस्ती, वस्तीच्या वर किंवा बाजूला तलाव, तलावाखाली धानाच्या बांध्या व ओलिताचा ऊस, आणि तलावाच्या वरच्या अंगास येवा देणारे राखीव रान, असा सर्वसाधारण क्रम आढळतो. रान तोडले तर गाळ येतो, गाळ आला तर साठा घटतो, साठा घटला तर धान जाते. ही साखळी ध्यानात घेतली म्हणजे रान, पाणी व शेत यांना निरनिराळ्या खात्यांत विभागणे या प्रदेशात किती अस्वाभाविक होते हे कळून येते. तलावावर एकाच जातीचा अथवा एकाच व्यवसायाचा अधिकार नव्हता. कोहळी व इतर शेतकरी पाणी घेत, ढिवर मासे धरीत आणि शिंगाडा लावीत, कुंभार माती नेत, गुराखी जनावरे पाजीत. प्रत्येकाचा हक्क निराळा आणि प्रत्येकाचा काळही निराळा होता.

६. पाटलाचा मालगुजार होतो

१७४० नंतरच्या दशकात हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली आला. भोसल्यांच्या राज्यात पाटील हा गावाचा वसूल जमा करणारा आणि लागवड वाढविणारा अधिकारी होता. गावची जमीन विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा पूर्ण मालकी हक्क त्याला नव्हता. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्यप्रांताची स्थापना झाली. त्यानंतरच्या पहिल्या तीस-साला जमाबंदीत पाटलांना गावाचे मालक ठरविण्यात आले. भंडाऱ्याची ही जमाबंदी लॉरेन्स यांच्या देखरेखीखाली झाली. गावाचा वसूल करणारा पाटील या व्यवहाराने मालगुजार बनला, आणि गावाबरोबर तलावही त्याच्या मालकीचा मानला गेला.

या बदलाचे परिणाम एकांगी नव्हते. मालकी मिळाल्यामुळे अनेक मालगुजारांनी नवे तलाव बांधले आणि जुने दुरुस्त केले, कारण ओलिताच्या जमिनीवर अधिक उत्पन्न मिळे. जमाबंदीच्या अधिकाऱ्यांनीही गावाचे सामाईक हक्क पूर्णपणे दुर्लक्षिले नाहीत. 'वाजिब-उल-अर्ज' या गावच्या रिवाजनाम्यात पाणी, चराई, जळण, मासेमारी यांविषयीच्या चालीरीती लिहून ठेवण्यात आल्या. म्हणजे एका कागदात तलाव मालगुजाराचा आणि दुसऱ्या कागदात त्याचे पाणी गावाचे, अशी दुहेरी नोंद निर्माण झाली. गावाने दुरुस्तीसाठी श्रम द्यावेत आणि मालगुजाराने रिवाजाप्रमाणे पाणी सोडावे, या परस्परबंधनावर ही दुहेरी व्यवस्था तग धरून राहिली.

१८९६ ते १९०० या काळातील दुष्काळांनंतर आणि १९०१ ते १९०३ या काळात काम केलेल्या पाटबंधारे आयोगाच्या शिफारशींनंतर सरकारने स्वतः या क्षेत्रात प्रवेश केला. चांदपूर, बोदलकसा, चोरखमारा, खैरबंदा यांसारखे मोठे तलाव विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात सरकारी अभियंत्यांनी बांधले. त्यांची जागा निवडण्याची रीत पाहता, टेकड्यांमधील खिंड अडविण्याचे कोहळ्यांचे तत्त्वच तेथेही अनुसरलेले दिसते. फरक पडला तो व्यवस्थापनात. येथे पाण्यावर आकार होता, करारनामा होता आणि पाणी सोडणारा माणूस गावाचा नसून खात्याचा होता.

७. १९५१ नंतर

मध्यप्रदेश विधिमंडळाचा मालकी हक्क निर्मूलनाचा १९५० चा कायदा ३१ मार्च १९५१ पासून अमलात आला. भंडारा जिल्हा त्या वेळी मध्यप्रदेशात होता. १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. मालगुजारीचे निर्मूलन ही न्याय्य आणि अटळ सुधारणा होती, याविषयी दुमत संभवत नाही. कुळांची मालगुजाराच्या मर्जीतून मुक्तता झाली, हे तिचे मोठे यश होय.

तलावांच्या बाबतीत या कायद्याने एक सूक्ष्म कसोटी लावली. मालगुजाराच्या ज्या तलावात अन्य कोणाचाही ओलिताचा हक्क नव्हता, तो त्याच्याकडे राहू दिला. ज्यात इतरांचा हक्क होता, असे पडीक जमिनीवरील तलाव शासनाकडे गेले. या कसोटीचा अर्थ बारकाईने पाहण्यासारखा आहे. इतरांचा हक्क आहे, म्हणून तलाव मालगुजाराचा नव्हे, हा तर्क योग्यच होता. परंतु त्यावरून तलाव गावाचा, असा निष्कर्ष न काढता तो शासनाचा, असा काढण्यात आला. गावाच्या हक्कानेच मालगुजाराची मालकी संपुष्टात आली, आणि त्या मालकीचा वारसा मात्र गावाला मिळाला नाही. कायद्याच्या दृष्टीने मालक बदलला. रिवाजाच्या दृष्टीने मालगुजारावरील दुरुस्तीचे बंधन आणि गावावरील श्रमाचे बंधन ही दोन्ही एकाच वेळी सुटली.

यातून पाणीपट्टीचा प्रश्न उपस्थित झाला. ज्यांच्या पूर्वजांनी माती वाहून तलाव बांधला आणि जे पिढ्यान्पिढ्या रिवाजाने पाणी घेत आले, त्यांच्याकडून शासनाने पाण्याचा आकार मागावा काय, असा हा वाद होता. शासनाच्या बाजूने असा युक्तिवाद होता की, दुरुस्तीचा खर्च ज्याने करावयाचा त्याने आकारही घ्यावा. शेतकऱ्यांच्या बाजूने निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांतील नोंदींचा आधार होता. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनेही हे दोन्ही दस्तऐवज कायम ठेवले आहेत. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य होते. परंतु वादाच्या काळात तलावाची पाळ कोणी भरावी आणि तुडूम कोणी दुरुस्त करावे, हा प्रश्न अनुत्तरित राहिला.

जिल्हा परिषदांच्या स्थापनेनंतर १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमता असलेले तलाव त्यांच्याकडे आणि त्याहून मोठे तलाव राज्याच्या पाटबंधारे खात्याकडे गेले. मासेमारीचा हक्क ठेक्याने सहकारी संस्थांना दिला जाऊ लागला. येव्याचे रान वनखात्याकडे होते. कोलू पाटलाच्या रचनेत जे एका बुद्धीने जोडले गेले होते, ते निरनिराळ्या कार्यालयांत विभागले गेले. एकाच तलावावर शेतकऱ्याला शेवटच्या थेंबापर्यंत पाणी हवे आणि ढिवराला मासळीपुरते पाणी राखलेले हवे, असा संघर्ष उद्भवला तर तो मिटविणारी एकच जागा उरली नाही. गाळ साचला, बेशरमाची झुडपे वाढली, तलावाच्या पोटात शेते शिरली. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील सात हजारांच्या घरातील माजी मालगुजारी तलाव सरकारी भाषेत 'मामा तलाव' या संक्षिप्त नावाने ओळखले जाऊ लागले. नावाचा हा संक्षेप सूचक आहे. ज्या मालगुजारीने या तलावांवर जेमतेम नव्वद वर्षे मालकी सांगितली, तिचे नाव त्यांना कायमचे चिकटले. ज्या कोहळ्यांनी त्यांची परंपरा निर्माण केली आणि ज्या गावांनी ते बांधले, त्यांचे नाव मात्र या संज्ञेत नाही.

२०१४ नंतर जलयुक्त शिवारासारख्या योजनांतून काही तलावांतील गाळ काढण्यात आला. साठा वाढविण्याच्या दृष्टीने ते उपयुक्त आहे. परंतु गाळ हा परिणाम आहे. येव्याचे रान, पाळीची निगा आणि वाटणीचा नियम या तिन्हींची एकत्र व्यवस्था नसेल, तर काढलेला गाळ काही वर्षांत पुन्हा साचतो. कोहळ्यांच्या पद्धतीत गाळ काढणे हा स्वतंत्र कार्यक्रम नव्हता. उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या तळातील माती शेतात नेणे हा शेतीचाच भाग होता.

८. निष्कर्ष

उपर्युक्त विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, वैनगंगेच्या खोऱ्यातील तलाव ही सुटी बांधकामे नसून रान, पाणी, शेत व वस्ती यांची एक संयुक्त रचना आहे, आणि ती रचना बुद्धिपुरस्सर केलेली आहे. कोलू पाटील कोहळी हा तिचा एक नामनिर्दिष्ट प्रतिनिधी होय. त्यास भूदृश्यरचनाकार आणि ग्रामनियोजक म्हणणे हा आधुनिक संज्ञेचा अतिप्रसंग ठरणार नाही, कारण त्या संज्ञेला अभिप्रेत असलेले सर्व निर्णय त्याच्या कृतीत प्रत्यक्ष दिसतात.

दुसरा असा की, ही व्यवस्था केंद्रीभूत सत्तेवाचून उभी राहिली. राजसत्तेने प्रोत्साहन दिले, परंतु योजना आणि श्रम गावाचे होते. सिंचन आणि एकतंत्री सत्ता यांचा अनिवार्य संबंध मानणाऱ्या सिद्धांतास हे उदाहरण छेद देते.

तिसरा आणि अधिक महत्त्वाचा निष्कर्ष हक्कांविषयीचा आहे. १८६० नंतरच्या जमाबंदीने योजकाच्या वंशजास मालक केले आणि १९५१ च्या कायद्याने त्या मालकाच्या जागी शासनास बसविले. दोन्ही वेळा तलावाला एकच मालक असला पाहिजे हे गृहीत धरले गेले. तलावाच्या इतिहासाने मात्र असा एकच मालक कधीही मानला नव्हता. तेथे पाण्याचा, माशांचा, गाळाचा आणि मातीचा हक्क निरनिराळ्या हाती होता, आणि हक्काबरोबर श्रमाचे बंधन होते. तलावांच्या आजच्या दुरवस्थेचे मूळ या गृहीतकात शोधले पाहिजे.

या विषयाच्या पुढील अभ्यासासाठी गावोगावचे वाजिब-उल-अर्ज आणि निस्तारपत्रके ही सर्वांत मोलाची साधने आहेत. त्यांतील पाणीविषयक कलमांचे तालुकावार संकलन, त्याच गावांतील तलावांच्या प्रत्यक्ष पाहणीशी त्यांची तुलना, आणि ढिवर, गोंड व इतर श्रमकर्त्या समाजांच्या स्मृतींची नोंद, ही तीन कामे पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेण्यासारखी आहेत. त्यांतून तलावाचा इतिहास पूर्ण होईल. शिवाय पाळ कोणी भरावयाची, या १९५१ पासून लोंबकळत राहिलेल्या प्रश्नास उत्तर देण्यासाठी ग्रामसभांच्या हाती एक लेखी आधारही येईल.